टिक लावली तरी लागत नाही, काढली तरी परत येते: टिकिंटरच्या चेकबॉक्सची नेहमीची कटकट

पायथॉनच्या टिकिंटरमधी, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या सामानात, सॉफ्टवेअर बनवलंय आन् चेकबॉक्स नीट चालंना, तर आधी खालच्यापैकी नेमकं काय व्हायलंय ते बघा. लातूर-परभणीकडच्या आडत दुकानांचे, क्लासवाल्यांचे आन् कॉलेजच्या पोरांच्या प्रोजेक्टचे चेकबॉक्स मी नेहमीच दुरुस्त करत असतो आन् फिरून फिरून ह्याच तक्रारी येतात.

- टिक डोळ्याला दिसायली पण सेव्ह केल्यावर डेटात शून्यच जायलंय.
- खिडकी उघडल्या उघडल्या चौकटीत टिकही नाही आन् ती रिकामीही नाही, मधीच ठिपका नाहीतर आडवी रेघ.
- एक टिक मारली की बाकीच्या सगळ्या आपोआप लागतात.
- कुठलीबी टिक मारा, काम मात्र शेवटच्याच ओळीचं होतं.
- प्रोग्राम चालू होताच कुणी हात न लावता टिकचं फंक्शन एकदा पळून जातं, नंतर कितीबी क्लिक करा, ढिम्म.
- क्लिक केलं तर हिशोब बदलतो पण चौकटीत काहीच दिसत नाही.
- काल काढलेली टिक आज प्रोग्राम उघडला की परत हजर.
- हातानं टिक लावली तर बेरीज बदलते, कोडमधून लावली तर बदलत नाही.

ह्यात हसण्यासारखं काही नाही बरं का. आडत दुकानात हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई, बारदाना अशा चौकटी असतात, त्यातली एखादी चुकीची लागून राहिली की शेतकऱ्याच्या पट्टीतून पैसे कटतात आन् तो माणूस काउंटरवर उभा राहून विचारतो की हे कशाचे कापले, मंग मुनीम म्हणतो मी टिक काढली होती, आन् तो खरंच बोलत असतो.

तपासायच्या आधी एकच गोष्ट डोक्यात ठेवा. टिकिंटर हे टीसीएल-टीके नावाच्या जुन्या सामानावर पायथॉननं चढवलेलं कव्हर आहे, टीसीएल ही भाषा जॉन ऑस्टरहाऊट यांनी बर्कलेच्या विद्यापीठात १९८८ च्या सुमारास केली आन् टीके त्याच्या मागून आलं. चौकटीची किंमत टीसीएलच्या बाजूला एका व्हेरिएबलमधी असते. चौकट म्हणजे नुसती दुकानावरची पाटी, माल आत गोदामात. आपल्याकडची पोरं दिवसभर पाटी पुसत बसतात आन् गोदामाचं कुलूप कुणी उघडून बघत नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका, फुकटातलं आधी आन् डोकेदुखीचं शेवटी असाच लावलाय.

रंग बघा

हे एका मिनिटाचं काम आहे. डार्क थीम करायची हौस असते, बॅकग्राउंड काळा आन् अक्षरं पांढरी. साध्या चेकबटनमधी (टिकिंटरमधी चेकबॉक्सला हेच नाव) टिकचा रंग अक्षरांच्या रंगावरून घेतला जातो आन् आतली चौकट पांढरीच राहते, म्हणजे पांढऱ्यावर पांढरी टिक. लागते पण दिसत नाही. सिलेक्टकलर नावाचा ऑप्शन गडद करा, झालं. हे आधी बघायचं कारण इतकंच की ह्याच्यात बिघाड असा काही नसतोच, आन् तरी लोक त्याच्यापायी अख्खी खिडकी परत लिहायला बसतात.

व्हेरिएबल छापून बघा

चेकबॉक्सच्या कमांडला, म्हणजे क्लिक झाल्यावर काय पळवायचं ते सांगायच्या ऑप्शनला, एक छोटं फंक्शन द्या आन् त्यात व्हेरिएबलची किंमत प्रिंट करा. टिक मारा, काढा, परत मारा. एक-शून्य-एक असं बरोबर फिरायलं तर पुढची बाजू ठीक आहे, बिघाड सेव्ह करण्यात किंवा वाचण्यात आहे, मंग मधल्या दोन-तीन तपासण्या सोडून सरळ सेव्हच्या भागाकडं जा. एका प्रिंटमधी निम्मं रान साफ होतं, म्हणून हे करायच्या आधी दुसरं काहीच करू नका.

प्रिंट केल्यावर पायव्हार आन् पुढं एखादा आकडा असं काहीतरी आलं तर तुम्ही किंमत छापली नाही, व्हेरिएबलचं नाव छापलंय. गेट लावायचं राहिलंय, गेट आन् त्याच्या पुढं दोन कंस. ह्याच्यातूनच अजून एक गंमत होते, 'इफ व्हेरिएबल' एवढंच लिहिलं की ती अट कायम खरी निघते कारण ऑब्जेक्ट तर आहेच ना जाग्यावर, मंग टिक असो नसो हमाली कटते. पायथॉन इथं एररही देत नाही, गुपचूप चुकीचं काम करतो, म्हणून हे सापडायला लोकांना लई वेळ लागतो.

कमांडपुढचे कंस काढा

कमांडला फंक्शनचं नाव द्यायचं असतं, फंक्शन चालवून त्याचं उत्तर द्यायचं नसतं. नावापुढं कंस टाकले की खिडकी बनतानाच ते एकदा पळतं, त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नन' असतं आन् कमांडला तेच चिकटतं. मंग क्लिक केल्यावर काय होणार, काहीच नाही. पाचवं लक्षण तुमचं असेल तर इथंच थांबा, दुसरं कारण शोधू नका.

ह्याचाच दुसरा भाऊबंद: चेकबटन बनवून त्याच ओळीत पॅक किंवा ग्रिड लावायचं आन् ते सगळं एका नावात ठेवायचं. पॅक काहीच परत देत नाही, त्यामुळं त्या नावात 'नन' बसतं आन् पुढं त्याला हात लावला की नन-टाइपचा एरर. दोन ओळी करा.

व्हेरिएबल जिवंत आहे का

आता खरा गाभा. माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त इथंच अडकलेल्या असतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

तुम्ही एका फंक्शनमधी इंटव्हार किंवा बूलियनव्हार, म्हणजे आकडा किंवा हो-नाही ठेवणारं टिकिंटरचं व्हेरिएबल, बनवता, चेकबटनला जोडता आन् फंक्शन संपतं. फंक्शन संपलं की आतली नावं संपली, पायथॉनला वाटतं ह्या ऑब्जेक्टकडं आता कुणी बघत नाही आन् तो कचऱ्यात टाकतो, आन् टिकिंटरचं व्हेरिएबल मरताना टीसीएलच्या बाजूचं व्हेरिएबलही सोबत घेऊन जातं. चौकट स्क्रीनवर तशीच राहते पण मागचं गोदाम रिकामं. टीटीकेची, म्हणजे टिकिंटरसोबतच येणाऱ्या नव्या रूपाच्या संचातली चौकट असेल तर ती लगेच मधल्या अवस्थेत जाते, तोच तो ठिपका किंवा रेघ. साधी असेल तर लावलेली टिक उडते.

पुढं अजून वाईट होतं. माणूस क्लिक करतो तवा टीके त्याच नावाचं व्हेरिएबल टीसीएलमधी नव्यानं बनवतो, टिक दिसते, निघते, सगळं एकदम झकास चालायलंय असं वाटतं. पण पायथॉनच्या हातात त्याची दोरीच राहिलेली नसते. म्हणून वापरणारा म्हणतो टिक लागायली आन् डेटा म्हणतो नाही लागली, आन् दोघंबी खरं.

पोरं विचारतात की दादा, कालपर्यंत चालत होतं, आजच काय झालं. झालेलं असं असतं की काल सगळा कोड फाइलमधी मोकळा लिहिलेला होता, तिथली नावं प्रोग्राम बंद होईपर्यंत जिवंत राहतात, आन् आज सरांनी सांगितलं की फंक्शनमधी टाक, क्लासमधी टाक, म्हणून हलवलं. दुसरं असं की कमांडमधल्या लॅम्डानं, म्हणजे जाग्यावरच लिहिलेल्या बिननावाच्या छोट्या फंक्शननं, ते व्हेरिएबल वापरलं असेल तर ते लॅम्डाच्या पोटात धरून राहतं आन् मरत नाही, म्हणून एका खिडकीत चालतं आन् त्याच पद्धतीनं लिहिलेल्या दुसऱ्या खिडकीत चालत नाही. भुताटकी नाही ही.

उपाय सोपा: क्लास असेल तर व्हेरिएबल सेल्फवर ठेवा. चौकटी लूपमधून बनवत असाल तर प्रत्येक फेरीत नवीन व्हेरिएबल बनवा आन् ते डिक्शनरीत ठेवा. लूपच्या बाहेर एकच व्हेरिएबल बनवून सगळ्यांना जोडलं तर तिसरं लक्षण येतं, एक लावली की सगळ्या लागतात, कारण सगळ्या चौकटी एकाच किमतीकडं बघायल्यात.

डिक्शनरीची किल्ली शेतकऱ्याचं नाव ठेवू नका. एकाच गावात एकाच नावाचे दोघं हमखास निघतात आन् दुसरा पहिल्याची नोंद पुसून टाकतो. पट्टी नंबर ठेवा, क्लासची हजेरी असेल तर रोल नंबर.

लूप आन् लॅम्डा

कुठलीबी टिक मारली तरी शेवटच्याच ओळीचं काम होतंय का? लूपमधी लॅम्डा लिहिलाय आन् त्यात लूपचा आकडा सरळ वापरलाय, हेच कारण. लॅम्डा तो आकडा बनतानाच लिहून ठेवत नाही, क्लिक झाल्यावर विचारायला जातो की आता तुझी किंमत किती, आन् तोवर लूप संपून आकडा शेवटच्या ओळीवर येऊन बसलेला असतो. लॅम्डाच्या सुरुवातीलाच आय बरोबर आय असं लिहिलं की बनतानाची किंमत आत पकडली जाते. कुणाला ते विचित्र वाटत असेल तर फंक्टूल्समधलं पार्शल वापरा, काम तेच.

आधी व्हेरिएबलची तपासणी केलेली असेल तरच ह्याला हात लावा. दोन्ही रोग एकाच वेळी असले की एक बरा केल्यावर दुसऱ्याची लक्षणं बदलतात आन् माणूस चक्रावतो.

ठिपका जाईना

व्हेरिएबल जिवंत आहे, तरी सुरुवातीला चौकट अर्धवट दिसते. दोन कारणं. टीटीकेच्या चौकटीला व्हेरिएबल दिलंच नाही तर ती मधल्या अवस्थेतच उघडते, एक बूलियनव्हार द्या. साध्या चेकबटनला अक्षरं ठेवणारं स्ट्रिंगव्हार दिलं असेल तर त्याची सुरुवातीची किंमत रिकामी असते आन् टीकेच्या हिशोबानं रिकामी किंमत म्हणजे तिसरी, ना हो ना नाही अशी अवस्था. खिडकी दाखवायच्या आधी त्यात ऑफव्हॅल्यू, म्हणजे टिक नसतानाची किंमत, टाकून ठेवा.

स्ट्रिंगव्हारवरून अजून एक. ऑनव्हॅल्यू, म्हणजे टिक असतानाची किंमत, 'होय' ठेवलीय आन् फाइलमधी 'हो' सेव्ह झालंय, टिक दिसणार नाही. अक्षराला अक्षर जुळावं लागतं. माझं मत विचाराल तर दोनच पर्याय असतील तिथं स्ट्रिंगव्हार वापरूच नये.

आन् टिक लावायचं-काढायचं सिलेक्ट, डिसिलेक्ट सापडत नाही असा एरर यायलाय का? फाइलच्या डोक्यावर बघा, टिकिंटर आन् टीटीके दोन्हीकडून स्टार लावून सगळं आणलं असेल तर नंतर आलेल्या टीटीकेनं साधं चेकबटन झाकून टाकलंय आन् टीटीकेच्या चेकबटनला सिलेक्ट नसतंच. रंगाचा ऑप्शन ओळखत नाही असा एरर येतो तोही ह्याच्यानंच. स्टार बंद करा, टीके आन् टीटीके अशी नावं लावून वापरा.

दोन वेळा टीके

सेटिंगची वेगळी खिडकी उघडताना मुख्य खिडकी बनवणारं टीके, पुढं दोन कंस असलेलं, परत लिहिलंय का ते शोधा. दुसऱ्यांदा लिहिलं की नुसती दुसरी खिडकी येत नाही, टीसीएलचा दुसरा अख्खा संसार उभा राहतो, आन् व्हेरिएबलला मास्टर, म्हणजे ते कुठल्या खिडकीचं ते, सांगितला नसेल तर ते पहिल्या संसारात जन्मतं. चौकट एका घरात, किंमत दुसऱ्या. गेट केलं की कायम शून्य. दुसऱ्या खिडकीला टॉपलेव्हल वापरा. कमीत कमी बदलात भागवायचं असेल तर व्हेरिएबल बनवताना मास्टर म्हणून ती खिडकी द्या, पण ती मलमपट्टीच म्हणा.

सेव्ह आन् परत वाचणं

इथवर येईपर्यंत प्रिंट बरोबर येत असेल तर पुढची बाजू सुटली. आता काढलेली टिक परत का येते.

सेटिंग कॉन्फिगपार्सरच्या फाइलमधी किंवा सीएसव्हीत ठेवत असाल तर तिथून परत येणारं सगळं अक्षरं असतात. 'फॉल्स' हा शब्द अक्षर म्हणून आला आन् तुम्ही त्यावर बूल लावलं तर उत्तर ट्रू येतं, कारण रिकामी नसलेली कुठलीबी अक्षरं पायथॉनला खरीच. म्हणून काढलेली टिक सकाळी हजर. कॉन्फिगपार्सरला गेटबूलियन आहे, ते वापरा, त्याला यस-नो, ऑन-ऑफ, एक-शून्य सगळं कळतं. सीएसव्हीत सरळ शून्य-एक लिहा आन् वाचताना इंट लावा. आन् फाइलमधी मराठी नावं असतील तर उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगा, विंडोजवर न सांगता सोडलं तर लिहितानाच एरर येऊन सेव्ह अर्ध्यात तुटू शकतं आन् दोष मात्र चेकबॉक्सवर येतो.

एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलमधला डेटाबेस, वापरत असाल तर कमिट, म्हणजे बदल पक्का करायचा हुकूम, बघा. पायथॉन बदल करायच्या आधी आपणहून व्यवहार उघडतो पण कमिट तुम्ही म्हटल्याशिवाय करत नाही. चालू प्रोग्राममधी सगळं बरोबर दिसतं कारण तोच कनेक्शन स्वतःचे बदल वाचतो. मंग लाईट जाते, आपल्याकडं ती जातेच, यूपीएसची बॅटरी मेलेली असते आन् सकाळपासूनच्या टिक गायब. एकेक पट्टी सेव्ह झाली की लगेच कमिट, प्रोग्राम बंद करतानाच्या भरवशावर राहू नका.

कोडमधून टिक लावल्यावर बेरीज हलत नाही

कमांड माणसाच्या क्लिकवर पळते. व्हेरिएबलला सेट केलं तर चौकट बदलते पण कमांडला काही कळत नाही. हे टिकिंटरचंच नाही, जावा स्विंगमधी सेट-सिलेक्टेड केल्यावर ॲक्शन लिसनर पळत नाही, आयटम लिसनर पळतो, आन् वेब पेजवर स्क्रिप्टनं चेक्ड बदललं तर चेंज इव्हेंट येत नाही. उलट डॉटनेटच्या विनफॉर्म्समधी कोडमधून बदललं तरी चेक्डचेंज्ड पळतो, म्हणून तिकडून आलेली मंडळी इथं हमखास फसतात.

इन्व्होक, म्हणजे कोडमधून केलेलं क्लिक, वापरलं तर कमांड पळते, पण तो टिक लावत नाही, उलटवतो, आधीच लागलेली असेल तर काढून टाकतो. ट्रेस-ॲड हा दुसरा मार्ग, पायथॉन ३.६ पासून आहे, किंमत कशीबी बदलली तरी फंक्शन पळतं, फक्त त्या फंक्शनला तीन आर्ग्युमेंट येतात ते घ्यायची तयारी ठेवा. पण 'सगळे निवडा' अशी चौकट असेल तर ट्रेस नको, पन्नास ओळी सेट केल्या की बेरीज पन्नासदा पळते आन् जुन्या मशीनवर खिडकी आचके देते. त्यापेक्षा सगळ्या ओळी सेट करा आन् बेरजेचं फंक्शन शेवटी एकदा आपल्या हातानं बोलवा.

टिक उशिरा लागते, नाहीतर लागून निघते

सगळ्यात अवघड हे. कमांडमधी जड काम टाकलंय, प्रिंट काढणं नाहीतर इंटरनेटवरून भाव आणणं. ते संपेपर्यंत टीकेला चौकट परत रंगवायला सवड मिळत नाही, म्हणून माणसाला वाटतं क्लिक लागलं नाही, तो परत दाबतो, ते क्लिक रांगेत थांबतं आन् काम संपल्यावर लागलेली टिक काढून टाकतं. त्याच फंक्शनच्या सुरुवातीला चौकट बंद आन् शेवटी चालू करून भागत नाही, रांगेतलं क्लिक चौकट चालू झाल्यावरच पोचतं. आफ्टर वापरून काम थोडं पुढं ढकला आन् तुकड्यात करा. थ्रेड, म्हणजे बाजूला वेगळं चालणारं काम, वापरलाच तर थ्रेडमधून चौकटीला किंवा व्हेरिएबलला हात लावू नका, उत्तर क्यूमधी टाका आन् मेन बाजूनं आफ्टरनं उचला.

कुठं थांबायचं

जुन्या पट्ट्यांत चुकीची रक्कम गेलेली सापडली की कोडला हात लावणं बंद. डेटाबेस फाइलची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या, त्या दिवसापुरती पट्टी कागदावर करा, प्रोग्रामरला आन् हिशोब बघणाऱ्याला दोघांनाही बोलवा. स्वतः क्वेरी मारून जुने आकडे नीट करायला जाऊ नका, कुठली टिक मुनीमानं लावलेली आन् कुठली प्रोग्रामनं, हे एकदा मिसळलं की परत वेगळं करता येत नाही.

तुमच्याकडं फक्त ईएक्सई आहे आन् सोर्स नाही, तर ज्यानं बनवलंय त्यालाच गाठा. दोन-तीन मशीनवरून नेटवर्कवरच्या फोल्डरातली एकच एसक्यूलाइट फाइल वापरताय आन् टिक कधी राहते कधी नाही, तर तो चेकबॉक्सचा आजार नाही, नेटवर्कवर त्या फाइलचं लॉकिंग भरवशाचं नसतं, सर्व्हरवाला डेटाबेस लावून देणारा माणूस बघा. थ्रेड लावल्यावर प्रोग्राम एररही न देता बंद पडायला लागला तरी तेच, तिथं हौशी दुरुस्ती चालत नाही.

आन् दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमधल्या चौकटीवर माऊस फिरवणारी स्क्रिप्ट लिहिली असेल, तर क्लिक करायच्या आधी चौकटीची अवस्था वाचा, कारण क्लिक नुसतं उलटवतं, आन् विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के असलं की मोजलेल्या जागाबी सरकू शकतात. बँकेच्या नाहीतर सरकारी पोर्टलवर असली स्क्रिप्ट चालवू नका, तिथं अडलं तर त्यांच्याच हेल्पडेस्कला विचारा.

माणूस बोलवताना त्याला पायथॉनचं व्हर्जन, एररचा पूर्ण मजकूर, मोबाईलवर काढलेला अर्धा फोटो नाही, डेटाची कॉपी आन् बिघाड दिसेल एवढीच एक छोटी फाइल द्या, एक खिडकी, एक चौकट, एक व्हेरिएबल. ती फाइल बनवता बनवताच बऱ्याच जणांचा बिघाड सापडतो आन् फोन करायची वेळ येत नाही.